हातदोष

गुरुवारी सकाळी साडेसात वाजता कळलं. मी धक्क्यावर होडीत डिझेल भरत होतो. शोधाचा चौथा दिवस सुरू करायचा होता. स्वरांगीचा फोन आला.

"बाबा, होडी भायर नेव नको. खाडीत वर जा. चार नंबराच्या पेटीकडे."

"थंय कित्याक? सुकतीबरोबर गेलेला माणूस वर कसा जाईत?"

ती म्हणाली, "बाबा, चार नंबराच्या पाण्यात अर्धी मीच आसंय."

मला अर्थ लागला नाही. माझा मेहुणा बाबल शेजारी उभा होता. त्याने फोन माझ्या हातातून घेतला, ऐकला, आणि होडी वळवली.

चार नंबरची पेटी गावापासून दोन किलोमीटर वर आहे. तिथून साधारण शंभर पावलांवर, कांदळाच्या मुळांमध्ये, माझी बायको सापडली. रसिका. वय सत्तेचाळीस. उजवा पाय घोट्यापाशी दोन खडकांच्या फटीत अडकून मोडला होता. तिच्या कमरेचा पंचा वरच्या फांदीला बांधलेला होता. बाबलने कोयत्याने तो कापला आणि तिला होडीत घेतलं. कापण्याआधी मी गाठ बघितली. होडी बांधायला मी मारतो ती गाठ होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी मीच तिला शिकवली होती.

कापड वाहत येऊन फांदीत अडकलं असावं, असं पंचनाम्यात लिहिलं आहे. त्यावर मी सही केली.

मी मूळचा तारी. आजोबा, वडील आणि मी, तिघांनी कातळखोलच्या खाडीवर तर, म्हणजे उतारूंची होडी, चालवली. या तीरावरची माणसं त्या तीरावर न्यायची, हेच आमचं काम. मग पूल झाला आणि तर बंद झाली. तीन वर्षं दुसऱ्यांच्या होड्यांवर गेलो. त्यानंतर खाडीनोंद प्रकल्प आला. त्यांना किनाऱ्यावरच्या सगळ्या खाड्यांत यंत्रं बसवायची होती आणि खाडी ओळखणारी माणसं हवी होती. दहावी शिकलेला चालेल, असं जाहिरातीत होतं. वयाच्या पन्नासाव्या वर्षी मला पहिली नोकरी लागली. पद क्षेत्रसहायक.

"पन्नाशीत न्हवऱ्याक नोकरी लागली," रसिकाने वाडीभर सांगितलं. "आता साठीत लगीन करतलो."

मुलगी स्वरांगी तेव्हा शिकत होती. समुद्राचं रक्षण आणि त्यासाठी लागणारी आकडेवारी, असा तिचा विषय होता. पुढच्या वर्षी तिलाही याच प्रकल्पात नोकरी लागली, जिल्ह्याच्या गावी, मुख्य कार्यालयात. माझ्या पेट्यांमधून जे आकडे जात ते तिच्या टेबलावर पोचत. तिची नोकरी दोन वर्षं कच्ची होती, मग पक्की होणार होती.

पेटी काय करते ते सांगतो. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव पाण्यात स्वतःचं काहीतरी सोडतो. खवले, विष्ठा, अंगावरचा बुळबुळीत थर. त्या प्रत्येक कणात त्या जिवाचा डीएनए असतो. मासा निघून गेला तरी हे कण दोन-तीन दिवस पाण्यात राहतात, मग मोडून जातात. पेटी नांगरावर तरंगत असते. भरती किंवा सुकती, म्हणजे ओहोटी, वळली की ती दोन लिटर पाणी ओढते, गाळते, गाळलेल्या कणांतला डीएनए वाचते आणि तो कुठल्या जिवाचा ते यादी बघून ठरवते. जाळं टाकावं लागत नाही, मासा मारावा लागत नाही. दिवसातून चार वेळा खाडीत कोण आहे त्याची हजेरी लागते.

"पाण्याक इचारूक मशीन कित्याक व्हया?" रसिका म्हणायची. "माका इचारा. फुकट सांगतंय."

ती खरंच सांगायची. पंचवीस वर्षं ती तिसऱ्या आणि कालवं काढून बाजारात विकत होती. कुठल्या पुळणीत काय आहे ते तिला पायाला कळायचं. पेटीची यादी आणि तिचं सांगणं बहुतेक जुळायचं.

पहिल्या महिन्यात आमच्या खाडीत एकशे त्रेचाळीस नावं आली. दीड वर्षाने सत्त्याण्णव राहिली. पाणी तापत होतं, वरून गाळ येत होता. आलेली नावं यंत्र लिहितं. न आलेली नावं मला वेगळ्या रकान्यात भरावी लागत. तिसऱ्यांची पिल्लं दोन हंगाम यादीत आली नाहीत, तेव्हा खाडीच्या मुखाजवळची पुळण तीन वर्षांसाठी बंद झाली. लाल झेंडे मी रोवले. रसिका बांधावर उभी राहून बघत होती.

"सरळ रोवा," ती म्हणाली. "वाकडे दिसतत."

त्यानंतर ती कुठे जाते ते मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला लिहावं लागलं असतं.

आता बटणाचं सांगतो.

पेटीला पाण्यात माणसाचा डीएनएही सापडतो. तो सगळ्या खाड्यांत असतो. सांडपाण्यातून येतो, आंघोळीतून येतो, आणि सगळ्यात जास्त पेटी साफ करणाऱ्याच्या हातातून येतो. प्रकल्पाला माणसं मोजायची नव्हती. माणसांच्या नोंदी ठेवायला कायद्याची मनाईही होती. त्यामुळे मानवी अंश वगळला जाई आणि सात दिवसांनी पुसला जाई. मात्र तो नेहमीपेक्षा जास्त आला तर बाकीचं वाचन बिघडतं. मग फोनवर सूचना यायची. सूचना आली की होडी काढायची, पेटीपर्यंत जायचं, बाटलीतलं शुद्ध पाणी पेटीत घालायचं आणि वीस मिनिटं थांबायचं. शुद्ध पाण्यातही माणूस सापडला तर तो माझ्या हाताचा. त्याला हातदोष म्हणतात. नाही सापडला, तर माणूस खरंच पाण्यात आहे. याला कोरा नमुना तपासणं म्हणत.

माझ्याकडे सहा पेट्या होत्या. आठवड्यात दोन-तीन वेळा असं जावं लागे. प्रत्येक वेळी हातदोषच निघे. एका रविवारी स्वरांगी घरी आली होती. जेवताना मी कुरकुर केली.

"तुमच्या हापिसात सांग. माझेच हात किती येळा तपासूचे?"

"मी बघतंय," ती म्हणाली.

तिला नोकरी लागून तीन महिने झाले होते. तिने बटण केलं. सूचना आली की खाली प्रश्न येई: मानवी अंश जास्त. हातदोष आहे का? हो. नाही. 'नाही' दाबलं तर कोरा नमुना तपासायला जायचं. 'हो' दाबलं की विषय संपला. पहिल्या महिन्यात माझे अकरा फेरे वाचले. वरिष्ठांनी ते बटण किनाऱ्यावरच्या तीनशे चाळीस पेट्यांना लावलं आणि स्वरांगीला शाबासकीचं पत्र दिलं. रसिकाने त्या पत्राला हळदकुंकू लावलं.

सोमवारी, पौष वद्य षष्ठीला, रसिका सकाळी साडेआठला सुकतीबरोबर बाहेर पडली. फोन ती कधीच नेत नसे. चपला नेहमीप्रमाणे धक्क्याच्या पायरीवर ठेवल्या. पावणेअकराला चार नंबरची सूचना आली. मी दोन नंबरच्या पेटीची जाळी घासत होतो. हो दाबलं.

दोन वाजले तरी ती जेवायला आली नाही. तीन वाजता शोध सुरू झाला. चपला धक्क्यावर होत्या, म्हणजे ती पुळणीकडेच गेली असं सगळ्यांना वाटलं. झेंडे असूनही गेली असेल. पाय घसरला असेल. बाबल म्हणाला, "एकदा खाडीत वर बघूया." मी नाही म्हटलं. सुकती बाहेर नेते. तरीवर जन्म गेलेल्या माणसाला हे कुणी सांगायची गरज नव्हती. सात होड्या मी समुद्राकडे वळवल्या. सगळ्यांनी माझं ऐकलं, कारण पाणी मला कळतं असा गावाचा समज होता. माझाही होता.

पावणेपाचला मी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहून तिला हाका मारत होतो. फोन वाजला. वाटलं तिची बातमी आली. चार नंबरची सूचना होती. मी हो दाबलं आणि फोन खिशात टाकला. रात्री अकराला पुन्हा आली. पहाटे पाचला पुन्हा. सूचनेचं उत्तर दिलं नाही तर ती दर दोन मिनिटांनी वाजत राहते. मला फोन मोकळा हवा होता.

सोमवारपासून बुधवारच्या मध्यरात्रीपर्यंत मी अकरा वेळा हो दाबलं.

शोधासाठी आलेली स्वरांगी बुधवारी दुपारी कार्यालयात परत गेली. आई पाण्यात आणि ही नोकरीवर, असं वाडीतल्या बायका बोलल्या. तिने रात्रभर बसून टाकून दिलेल्या, अजून न पुसलेल्या नोंदी उघडल्या आणि उतरवून ठेवल्या. त्या उघडायला मनाई होती. आम्हा कर्मचाऱ्यांचे डीएनए नमुने कार्यालयात असतात, पण ते ताडून बघायलाही लेखी परवानगी लागते. तिने न विचारता स्वतःचा नमुना चार नंबरच्या पाण्याशी ताडला. निम्मा जुळला. आईचं आणि लेकीचं तेवढंच जुळतं.

वर्तमानपत्रात आलं की लेकीने पाण्यातून आई शोधली. प्रकल्पाने नियमभंग माफ केला. हरवलेली माणसं शोधायला या पेट्या वापरता येतील, असं कुणीतरी मोठ्या सभेत बोललं, आणि स्वरांगीला त्या कामावर घेतलं. तो तिच्या नोकरीचा सातवा की आठवा महिना असावा. शिक्षण संपून वर्ष झालं नव्हतं आणि तिचं नाव सगळ्या किनाऱ्यावर झालं होतं.

मी कामावर लगेच परत गेलो. घरी बसून काय करायचं होतं? चार नंबरचा मानवी अंश रोज बघायचो. गुरुवारी तिला बाहेर काढलं तरी आकडा वरच होता. शुक्रवारी निम्मा झाला. शनिवारी आणखी उतरला. रविवारी संध्याकाळच्या सुकतीला तो नेहमीवर आला. बाकी लोकांसाठी ती गुरुवारीच पाण्यातून गेली होती.

भाद्रपदात जिल्ह्याच्या गावी प्रशिक्षण झालं. साठेक क्षेत्रसहायक होतो, बहुतेक जुने मच्छीमार. मी मागच्या बाकावर बसलो. शिकवायला वैशंपायन नावाचे सर होते. स्वरांगी बाजूला संगणकापाशी बसून पडद्यावरची चित्रं बदलत होती.

"आजवर आपल्याला माणूस पाण्यात आहे एवढंच कळत होतं," सर म्हणाले. "आता तो जिवंत आहे का, हेही कळेल."

त्यांनी समजावून सांगितलं. डीएनए ही जिवाची कायमची वही. जीव मेला तरी ती काही दिवस टिकते. आरएनए ही जिवंत पेशीने रोजच्या कामासाठी लिहिलेली चिठ्ठी. पेशी मेली की नवी चिठ्ठी लिहिली जात नाही, आणि जुनी पाण्यात काही तासांत विरते. म्हणून पाण्यात माणसाच्या ताज्या चिठ्ठ्या सापडल्या तर माणूस थोड्या वेळापूर्वीपर्यंत जिवंत होता. पेट्या दोन्ही वाचत होत्याच. चिठ्ठ्यांकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं.

"हे एक खरं उदाहरण," सर म्हणाले. "निनावी आहे."

पडद्यावर आलेख आला. वर दोन रेषा होत्या, डीएनएची लाल, आरएनएची निळी. लाल रेषा पहिल्या नमुन्यापासून उंच होती आणि तशीच राहिली. निळी चौथ्या नमुन्यापर्यंत उतरत आली आणि पाचव्यात शून्य झाली.

"म्हणजे ही व्यक्ती पाण्यात अडकल्यावर निदान अठरा तास जिवंत होती," सर म्हणाले. "पहाटे पाचच्या नमुन्यात जिवंतपणाची खूण आहे. सव्वाअकराच्या नमुन्यात नाही."

पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "साहेब, तेका काढलो काय मग? वाचलो?"

"माहिती निनावी असते," सर म्हणाले. "पुढचं आपल्याला माहीत नसतं."

मला वरच्या रेषा नीट वाचता येत नाहीत. मी खालची वाचतो. खाली भरती-सुकतीची रेषा होती. पहिली सुकती पावणेअकराला संपत होती, म्हणजे षष्ठी. आणि पाणी वळताना रेषा एकदा थबकत होती. चार नंबरजवळ पाण्याखाली खडकाची आड आहे. भरती तिच्यावरून चढताना पाणी थोडा वेळ थांबतं. तरीवर असताना तेवढ्या वेळात मी विडी पेटवायचो. दुसऱ्या कुठल्या खाडीत पाणी असं थबकलेलं मी बघितलेलं नाही.

मी स्वरांगीकडे बघितलं. ती खाली बघत होती.

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यामागे नळापाशी आली. घरी ती माझ्याशी मालवणीत बोलते आणि मला तू म्हणते. त्या दिवशी पुस्तकातली मराठी बोलली.

"तुम्हाला कळेल असं वाटलं नव्हतं, बाबा. नाव काढलं होतं. खाडी काढली होती. तारीखसुद्धा."

"पाणी ठेवलंस."

"पाण्याची रेषा काढली असती तर उदाहरणच उरलं नसतं."

"कधीपासून म्हायत आसा तुका?"

"त्याच गुरुवारी. तुम्हाला फोन केला त्याच्या आधी."

ताटं धुणाऱ्या बाया आमच्याकडे बघत होत्या. आम्ही चिंचेखाली जाऊन उभे राहिलो.

"चारदा ती जिवंत असताना हो दाबलं गेलं," ती म्हणाली. "नोंदीत तुमचं नाव नाही. क्षेत्रसहायक एवढंच आहे. बटण मी केलं तेही त्या नोंदीत नाही. आज संध्याकाळी सगळे घरी जातील आणि उद्यापासून पुन्हा तेच बटण दाबतील. तीनशे चाळीस पेट्यांवर. ही नवी तपासणी माणूस हरवल्याची तक्रार आल्यावर, इथे, प्रयोगशाळेत होणार. तोपर्यंत खाली कुणीतरी हो दाबलेलं असणार."

"मग काढून टाक ता बटण."

"ते माझ्या हातात राहिलेलं नाही. काढायला कारण दाखवावं लागतं. चुकीची पुष्टी दिली गेली आणि त्यातून नुकसान झालं, अशी एक तरी नोंद हवी. ती नोंद मी तयार करून ठेवली आहे. तुमचं उत्तर हवं. एकच प्रश्न आहे. तुमच्या फोनवर येईल."

"आणि तुझा काय होतला?"

"चौकशी होईल. नोकरी अजून कच्ची आहे. जाईल बहुतेक."

"आणि हे पेपरात?"

"येईल."

मी तिला सांगितलं की मला हे जमणार नाही. आई गेली. आता तुला लोकांपुढे उभी करून, हिनेच ते बटण केलं, असं मी सांगू? शिकवायला घरातलं होतं नव्हतं ते घातलं. रसिकाने कमरेएवढ्या चिखलात उभं राहून तुझी फी काढली. मी बराच वेळ बोललो.

मग ती म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी थांबताय, की स्वतःसाठी?"

ती आत गेली. दुपारच्या सत्रात चित्रं बदलायला दुसरा कुणीतरी बसला होता.

प्रश्न त्याच रात्री फोनवर आला. मी तो बंद केला नाही. आधी स्वरांगी रोज फोन करायची. मग रविवारी करू लागली. जेवलास का विचारायची. जेवलंय म्हणायचो. तेवढ्यावर फोन संपायचा.

पौषात वर्षश्राद्ध आलं. बाबल पंचांग घेऊन घरी आला. मी चहा ठेवला. रसिका गेल्यापासून तो आठवड्यातून दोनदा येत होता, कधी मासे घेऊन, कधी नुसताच. घरात माझ्याशी बोलणारा तेवढा एकच माणूस होता.

"भावोजी, भटाक सांगान इलंय," तो म्हणाला. "वद्य षष्ठी. यंदा शुक्रवारी येता. साखरभात करूक सांगतंय, तेका आवडायचो."

आमच्याकडे तिथीला महत्त्व आहे. माणूस ज्या तिथीला गेला त्या तिथीला त्याचं पान वाढायचं. दुसऱ्या दिवशी वाढलं तर ते कुणाला पोचणार? पंचनाम्यात सोमवार दुपार लिहिलेली होती. दिवस त्यावरूनच धरले होते. तेव्हा मला माहीत नव्हतं. आता होतं. कार्यालयाच्या नोंदीत खोटं राहिलं तर राहू दे, असं मी इतके महिने स्वतःला सांगत होतो. पानाच्या बाबतीत तसं सांगता येईना.

"षष्ठी नाय," मी म्हटलं. "सप्तमी."

"सोमवारी षष्ठी होती."

"सोमवारी रात्री साडेअकराक संपली. ती मंगळवारी सकाळी गेली."

तो हसला. "कोणी सांगल्यान? देवीन?"

"पेटीन."

मग मी त्याला सगळं सांगितलं. चिठ्ठ्यांचं, आलेखाचं, चार वेळा दाबलेल्या बटणाचं. बटण स्वरांगीने माझ्या सांगण्यावरून केलं तेही सांगितलं. काही वगळलं नाही. बाबल सातवी शिकलेला आहे, पण त्याला एकदाच सांगावं लागलं.

त्याने चहाचा कप हातात घेतला. "मंगळवारी पाच वाजता आमी खंय होतो?"

"दीपगृहाच्या भायर. तू पाण्यावर बॅटरी मारी होतंस."

"मी म्हटलेलंय, एकदा खाडीत बघूया."

"म्हटलेलंस."

"तुमी म्हटल्यात, सुकती भायर नेता. आजोबापासना पाणी वळखतंय, म्हटल्यात."

"व्हय."

"ती गाठ मी कापलंय. कोयत्यान. माका वाटला कापड अडाकला." त्याने वर बघितलं. "तुमी गाठ बघितल्यात?"

"बघितलंय."

"वळाखल्यात?"

"वळाखलंय."

त्याने कप खाली ठेवला. मला वाटलं तो मारेल. मारायला हवं होतं. तो उठला, पंचांग काखेत घेतलं आणि दारात जाऊन चपला घातल्या.

"भटाक सप्तमी सांगतंय," तो म्हणाला. "पान तेच्या तिथीक वाढा. मी येवचंय नाय."

सप्तमीला शनिवार होता. भटजी आले. स्वरांगी सकाळच्या गाडीने आली. तिने साखरभात केला, पान वाढलं, भटजींना दक्षिणा दिली, भांडी घासली. मामा का आला नाही ते तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "माझ्याबद्दलय सांगलंस?" मी हो म्हटलं. तिने मान हलवली. त्या दिवशी ती मालवणीत बोलत होती.

संध्याकाळी मी तिला गाडीवर सोडायला गेलो. थांबा पुलाजवळ आहे. तिथून खाली खाडी दिसते आणि आमचा जुना उतारू धक्काही. गाडी आली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, प्रश्न अजून उघडो आसा."

"म्हायत आसा."

"माका नोकरी परत मेळात. नाय मेळाली तर नाय." मग पायरीवर चढून वळली. "आईच्या जागी पुढच्या येळी कोण आसतला, ताय म्हायत नाय."

गाडी गेली. मी पुलावरून चालत घरी आलो. फोन काढून प्रश्न बघितला. तो असा आहे: पुष्टी देण्यापूर्वी आपण कोरा नमुना तपासला होता का? खाली हो आणि नाही असे दोन चौकोन आहेत.

ते बटण तीनशे चाळीस पेट्यांवर अजून आहे. कुठल्या ना कुठल्या खाडीत रोज कुणीतरी ते दाबतं. आज दुपारी मला पाच नंबरची सूचना आली. मी होडी काढून गेलो, शुद्ध पाणी घातलं, वीस मिनिटं थांबलो. हातदोष होता.

स्वरांगीच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.